कपाटाची चावी

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिक्षकांचे उन्हाळी वाचन (याबाबत परिपत्रक न काढण्याची विनंती)
संदर्भ : शाळेतले लोखंडी कपाट

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीला शिकवते. नोकरीला १९ वर्षं झाली. १ मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब एकदाचा जुळला. आता जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. विदर्भातल्या मैत्रिणींना उन्हामुळे आणखी थोडी. या सुट्टीबद्दलच लिहितेय.

या शाळेत बदलून आले तेव्हा चार्ज घेताना आधीच्या गुरुजींनी आणि मी जमिनीवर बसून पुस्तकं मोजली. ४१२ भरली. काहींच्या कडेला कुंभारमाशीने मातीची घरटी केली होती, ती खरवडून नावं वाचावी लागली. कितीतरी पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती, म्हणजे छापखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. सही करून चावी हातात देताना गुरुजी अगदी मायेने म्हणाले, “मॅडम, कपाट उघडू नका, म्हणजे एकही कमी होणार नाही.”

गुरुजी वाचनाचे शत्रू नव्हते. घरी त्यांचं पाठांतर चालायचं, ज्ञानेश्वरीच्या ओव्याच्या ओव्या तोंडपाठ. पण जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत, चढलेलं पुस्तक हरवलं तर पगारातून वसुली होईल, ही भीती त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी घातली होती. तीच त्यांनी मला चार्जात दिली. यादीत तिची नोंद नव्हती, एवढंच.

त्यामुळे आमच्या कपाटाला वर्षातून एकदाच हवा लागायची, १५ ऑक्टोबरला. डॉ. अब्दुल कलामांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. पोरं पुस्तकं धरून ओळीत बसायची, फोटो निघायचा, व्हॉट्सअॅपच्या गटावर पडायचा आणि मधल्या सुट्टीआधी पुस्तकं मोजून आत. एकदा तिसरीतल्या एकाने फोटो होताच विचारलं, “बाई, मागच्या वर्षीचं ते कोल्ह्याचं द्या ना, अर्धं राहिलंय.” वर्षभर त्या पोराच्या डोक्यात तो कोल्हा अर्ध्या वाटेवर उभा होता. मीच उभा केला होता. त्या दिवसापासून कपाटाला कुलूप नाही.

पण हे पोरांचं झालं. पत्र आहे ते आमच्या वाचनाबद्दल.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, आम्ही चौघी शिक्षिका दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एकीच्या घरी जमायला लागलो. निमित्त खरं तर लोणच्याचं. कैऱ्या फोडता फोडता एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं सुरू झालं. पहिलं पुस्तक गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’. त्यातला मास्तर मोठ्या उत्साहाने चौथीच्या वर्गावर जातो, पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेतो आणि वर्गात जो गोंधळ उडतो तो त्याला काही केल्या आवरत नाही. आम्ही हसून हसून बेजार झालो. मग जरा वेळ गप्प बसलो, कारण चौघींचाही पहिला दिवस अगदी तसाच गेला होता आणि इतक्या वर्षांत आम्ही तो एकमेकींना कधी सांगितला नव्हता. प्रशिक्षणात असं काही बोलायची सोय नसते. तिथे समोर पडदा असतो आणि त्यावर सरकणारे मुद्दे.

नंतर आम्ही मुलांच्या गणितातल्या चुकांवरचे लेख मिळतील तिथून मिळवून वाचले. ‘शैक्षणिक संदर्भ’चे, ‘पालकनीती’चे जुने अंक घेतले, काही फोटोकॉपी केल्या. त्यातली एक गोष्ट डोक्यात बसली : मूल चुकतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा त्याचा काहीतरी नियम असतो. जूनमध्ये तिसरीच्या वर्गात ४२ वजा १७ दिलं. एका मुलीचं उत्तर आलं ३५. आधीच्या सगळ्या वर्षांत अशा उत्तरावर मी लाल फुली मारून ‘हातचा विसरलीस’ म्हणत आले. या वेळी विचारलं, “कसं केलंस गं?” ती म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले.” बघा, ती काहीच विसरली नव्हती. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे मीच दुसरीत शिकवलेलं तिने इमानाने पाळलं होतं! मग आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. चार गठ्ठे, दोन सुट्या. सतरा काढायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो, हे तिने रबर ओढता ओढता स्वतःच शोधलं. पाऊण तास गेला. त्या आठवड्यात माझा पाठ्यक्रम मागे राहिला, तेही कबूल करते.

आमची व्यावसायिक वाढ म्हणतात ती मला एवढीच ठाऊक आहे. फुली मारायच्या आधी विचारावंसं वाटलं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. चांगलंच आहे. पण माझ्या वाट्याला हे तास आजवर कसे आले? व्हिडिओ चालू ठेवून भाकरी थापायची, शेवटी प्रश्नमंजूषा सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. आम्ही चौघींनी त्या मेमध्ये घातलेल्या तासांना मात्र कुठल्याच रकान्यात जागा नाही. २०१९ ची गोष्ट आठवा. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर हसू आणि संताप एकदमच उसळला. पालक आम्हाला जाब विचारत होते. त्या बदलामागचा विचार काय, तो पटण्यासारखा आहे की नाही, हे शांतपणे वाचून आपलं मत बनवायला शिक्षकांकडे त्याआधी एक मे महिना होता. मी तो लग्नांत घालवला. टीव्हीवर चर्चा सुरू झाल्यावर जागी झाले. वर्ग माझा, आणि त्याची बातमी मला चहाच्या टपरीवरून.

यंदा शिक्षक वाचत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. त्या निकालावर बोलायची ही जागा नाही. पण तेव्हापासून घराघरांत पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी गाइड घेऊन बसलेत. मीही बसते. १५० प्रश्नांपैकी ३० बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या विचारांच्या चार अवस्था वयोगटांसकट मला आता झोपेतही सांगता येतील. चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक जरा पसरली की पहिलीतलं पोर ‘ही जास्त’ का म्हणतं, हे मात्र गाइडमधून कळलं नाही. चिंचोके मांडून बघितल्यावर कळलं.

आता मागणी. महोदय, माझी खरी धास्ती अशी आहे की हे पत्र तुम्हाला आवडेल. मग आठ दिवसांत आदेश येईल की प्रत्येक शिक्षकाने सुट्टीत पाच पुस्तके वाचावीत, सारांश लिंकवर भरावा, पुस्तकासह जिओटॅग फोटो टाकावा, तालुक्याची माहिती आजच सायंकाळी पाचपर्यंत निरंक न येता सादर व्हावी. कृपा करून एवढं करू नका. भिलारच्या पुस्तकांच्या गावाला आमची सहलही काढू नका, गाव सुंदर आहे पण आम्ही तिथे स्ट्रॉबेरीच खाऊ.

त्याऐवजी हरवलेल्या पुस्तकाची भीती तेवढी काढा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या नियम २१५ मध्ये, वर्षभरात वाचायला दिलेल्या हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी धरलं आहे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नको. दिल्लीच्या हिशेबनीसांना हे कळतं! आमच्या शाळांसाठी हेच स्वच्छ मराठीत लिहून द्या आणि फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याचा, अधिकार मुख्याध्यापकाला द्या. शिक्षकांसाठीची पुस्तकं तालुक्याच्या गट साधन केंद्रात ठेवा आणि एप्रिलच्या शेवटी, सुट्टी लागायच्या आत, घरी न्यायला द्या. जूनमधली पहिली शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, आम्ही वाचलेल्यावर बोलायला मोकळी सोडा, पडदा गुंडाळून. आणि ते बोलणं त्या ५० तासांत धरा. वाचणं नका धरू, ते मोजायला गेलात की मेलं. बोलणं धरा, कारण न वाचता आलेला माणूस तिथे दहा मिनिटांत ओळखू येतो.

आणि मे महिना शक्य तेवढा अखंड ठेवा. जनगणना, निवडणूक, आपत्ती ही कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच आमच्याकडे येऊ शकतात, ती आम्ही करतो, करू. पण जे प्रशिक्षण जुलैत होऊ शकतं ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराला, पत्र्याखालच्या सभागृहात कशासाठी?

तुमचं उत्तर येईपर्यंतची माहिती देऊन ठेवते. आमच्या कपाटातली २६ पुस्तकं आज बाहेर आहेत. नऊ मुलांच्या घरी, सहा अंगणवाडीताईंकडे, चार माझ्या उशाशी, सात केंद्रातल्या बाकी तिघींकडे. त्यातल्या एकीकडच्या पुस्तकावर कैरीचा डाग पडल्याचं तिने काल फोनवर सांगितलं. सगळ्या नोंदी वहीत आहेत. फक्त पेन्सिलीने केल्यात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका