नाटकवाल्या सरांना, नंदनवनहून

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता आमच्या समाजभवनात येऊन बायकांकडून नाटक करून घ्यायचं आणि वर कूलर बंद करायला लावायचा, हे धाडस तुमचंच. "आवाज मागच्या सतरंजीपर्यंत पोचला पाहिजे," म्हणत तुम्ही बटण बंद करायचात आणि आम्ही पदराने वारा घेत तुमच्या नावाने बोटं मोडायचो. त्याचेही आभार मानते आता.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. नाटक म्हणजे दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, मंडप, गाणी आणि पहाटेपर्यंतचं जागरण, एवढंच मला ठाऊक. तुमचं नाटक दहा मिनिटांत संपलं. बाप मुलीचा मोबाईल काढून घेतो आणि कॉलेज बंद करतो, बस! मग तुम्ही तेच पुन्हा सुरू केलंत. मुलीने इथे वेगळं वागायला हवं होतं असं ज्याला वाटेल, त्याने "थांबा" म्हणायचं आणि तिच्या जागी उभं राहायचं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात ही पद्धत बसवली, हे तुम्ही सांगितलंत. आम्हाला बापच बदलायचा होता. तुम्ही नाही म्हणालात. बापाला सुधारलं की नाटक तिथेच संपतं, आणि घरी गेल्यावर बाप तसाच असतो!

मग एकेक जण उठली. कोणी भाषण दिलं, कोणी रडली, एकीने पोलिसांची धमकी दिली. बाप झालेला पोरगा मोठा बिलंदर, सगळ्यांना पुरून उरला. तेव्हा तुम्ही दाराशी उभ्या असलेल्या ऑटोवाल्या भाऊंना बोलावलंत. ते बायकोला न्यायला आले होते, ऑटोची चावी हातातच होती. तुम्ही त्यांच्या खांद्यावर ओढणी टाकलीत, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पोरगा ओरडला, "मोबाईल दे!" भाऊंनी खिशातला स्वतःचा मोबाईल काढून दिला. बराच वेळ बोलले नाहीत. मग खालमानेने म्हणाले, "बाबा, मी केलं काय, थे त सांगा."

त्या पोराला उत्तरच सुचलं नाही. तासभर बायकांना गप्प करणारा पोरगा, सर!

भाऊंच्या घरी लगेच काही बदललं असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही आणि मी विचारायलाही गेले नाही. बायकोला घ्यायला मात्र दुसऱ्या दिवसापासून ते लवकर येऊ लागले. सतरंजीवर बसायचे, अगदी पुढे.

शेवटच्या दिवशी भिंतीवर चादर लावून तुम्ही 'कोर्ट' सिनेमा दाखवलात. त्यात ज्यांच्यावर खटला चालतो ते शाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. 2021मध्ये कोरोनाने गेले. आमच्यातल्या दोघी-तिघींनी त्यांना मोर्चात पाहिलेलं, त्यामुळे सरकारी वकील बाई बोलायला लागल्या की खोलीत शिव्यांची लाखोली. मग त्याच बाई लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. मागून कोणीतरी म्हणालं, "हे त आपल्यासारखीच राबून राहिली." त्यानंतर बाई पुन्हा कोर्टात उभ्या राहिल्या आणि पुन्हा तशाच बोलल्या. आम्हाला राग आलाच, पण शिव्या कोणी दिल्या नाहीत. चहा पिताना त्यावर भांडण झालं. एकीचं म्हणणं, घरचं दाखवून बाईला सोडून दिलं. मला तसं वाटत नाही. ती चांगल्या घरची, दमलेली, साधी बाई आहे म्हणूनच तिचं कोर्टातलं वागणं जास्त बोचतं. तुम्ही यावर काहीच बोलला नाहीत, नुसता चहा पीत राहिलात. शहाणपणाचे चार शब्द सांगून आमचं भांडण मिटवलं नाहीत, त्याबद्दल तुमचे खास आभार.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत, ते गटाच्या वहीत तुमच्या नावावर जमा आहे. दिवाळीनंतर या. या वेळी पुरुषांची वेगळी बॅच ठेवायची नाही, एकत्रच घ्यायची, असं बैठकीत ठरलंय. सासू-सुनेचा प्रसंग घ्या, अशी सासवांची मागणी आहे. सुना अजून तयार नाहीत, त्यांना तुम्हीच समजवा.

आपली,
सचिव, महिला बचत गट
नंदनवन, नागपूर