कूलर-टाक्या बनवणाऱ्या भाऊंना पत्र

नमस्कार भाऊ,

मे महिन्यात पुलगाव रस्त्यावरच्या तुमच्या शेडमधून गाडी घेऊन निघालो, तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. राहिलेलं आज लिहितो आहे.

ती सिपानी डॉल्फिन बाबांची. बंगळूरला बनलेली, इंग्लंडच्या रिलायंट किटन या गाडीवरून घेतलेली, ८४८ सीसीची दोन दारांची गाडी. अंग सगळं फायबरचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं. बाबा गेल्यावर ती गोठ्याशेजारी उभी होती. मडगार्डवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या, दाराच्या बिजागरीपाशी लांब रेघा. एका गॅरेजात पुट्टी भरून रंग मारून घेतला. दोन महिन्यांत त्याच रेघा त्याच जागी परत. पुढच्या दोन ठिकाणी तर "पत्र्याची असती तर केली असती" म्हणून हात जोडले.

तुम्ही मात्र कूलरच्या टाकीचं काम बाजूला ठेवून गाडीखाली शिरलात. नाण्यानं टकटक करत कुठे आवाज बसका येतो ते ऐकलंत. वर शाई चोळून पुसलीत, तेव्हा मला दिसल्याच नव्हत्या अशाही भेगा निळ्या उमटल्या. मग म्हणालात, "भाऊ, हे वरचं दुखणं नाही. चाकानं उडालेला गोटा मांगून बसला हाये. वरून लिंपून काय होते? मांगून हात द्या लागते."

ते वाक्य मी विसरलो नाही. वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, कडक; खालचा थर लवचिक. खालचा हलला की वरचा तडकणारच. बिजागरीचे बोल्ट कोणीतरी वाजवीपेक्षा जास्त आवळले होते, तेही तुम्हीच दाखवलंत.

आपल्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी रेझिन, म्हणजे फायबरला धरून ठेवणारा चिकट द्रव, डब्यातच घट्ट होतं, म्हणून तुम्ही मला सकाळी सहाला बोलावलंत. शंभर ग्रॅम रेझिनला ते घट्ट करणारं हार्डनर एकच ग्रॅम, तेही काट्यावर मोजून. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर, यांच्या बाटल्या शेडच्या दोन टोकांना. ते दोन्ही नुसते एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, हे तुम्ही मला तीनदा बजावलंत. आतली बाजू खरवडून, अॅसिटोननं पुसून ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, दोन थर दिलेत आणि रोलरनं एकेक बुडबुडा काढलात. तो एक तास मी नुसता तुमचे हात पाहत होतो. बाबाही पंप उघडला की असेच गप्प होत.

मग वरच्या भेगा 'व्ही'सारख्या उघडून जेलकोट भरला आणि हवेनं चिकट राहू नये म्हणून वर पॉलिथिन लावलं. दोन दिवसांनी पाणी लावून १८०, ३२०, ६०० नंबरचा घासायचा पेपर. तोंडाला मास्क बांधल्याशिवाय तुम्ही मला घासू दिलं नाही.

पैसे मात्र फक्त मालाचे घेतलेत.

अख्खा पावसाळा गेला भाऊ, एकही रेघ उमटली नाही. आई दर आठवड्याला त्याच गाडीतून आर्वीच्या बाजाराला जाते. मडगार्डवर हात फिरवते, मगच बसते.

यंदा ज्वारी चांगली आहे. हुरड्याला घरच्यांना घेऊन या. आणायला डॉल्फिनच पाठवतो.

तुमचा,
आर्वी तालुक्यातला डॉल्फिनवाला