गायमुखला थांबणाऱ्यांचे आभार

घोडबंदर रोडवर गायमुखच्या वळणावर पावसात घसरलेल्या दुचाकीस्वारांसाठी थांबलेले रिक्षावाले, टेम्पोवाले आणि नाव न सांगता निघून गेलेले सगळे, आमच्या रायडिंग ग्रुपतर्फे मनापासून आभार. तुम्ही आधी मागची वाहनं थांबवलीत, चावी बंद केलीत, अडकलेला पाय न ओढता गाडी उचललीत. आणि हेल्मेट उपटून काढलं नाहीत! मानेला मार असू शकतो. श्वास अडत नसेल तर ते डोक्यावरच राहू द्यायचं.

वीसच्या स्पीडला काय लागणार, असं वाटतं. पण ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर किंवा लोखंडी प्लेटवर गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक दाबला, की चाक निसटतं आणि माणूस तळहात टेकतो. ग्लोव्हजमुळे कातडी वाचते, मनगट वाचेलच असं नाही. अंगठ्याच्या बुडाशी दुखत राहिलं, तर पहिला एक्स-रे ठीक आला तरी पुन्हा दाखवा. तिथल्या छोट्या हाडाची चीर कधीकधी सुरुवातीला दिसत नाही. कोपराचं पॅड सैल असेल तर ऐनवेळी फिरतं, मग घातलं काय न् नाही काय. आपटलेलं हेल्मेट बदलाच, आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ खालच्या नियमांमुळे मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. तरी पुढच्या वेळी चहापुरतं थांबा.