मगर पकडायला माणसं आहेत, निर्णय घ्यायला कोणी नाही: वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय: बडोद्यासाठी वन्यप्राणी उपद्रव व्यवस्थापनाचं कायमस्वरूपी पर्यवेक्षक पद निर्माण करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयात रीतसर दिली आहे, तिच्यावर आवक क्रमांकही पडला आहे. मराठीत इथे टाकते आहे ती बडोद्यातल्या आपल्या माणसांसाठी. मगरीच्या व्हिडिओला लाइक सगळेच करतात, पण तिला हात घालणाऱ्याला पगार कोण देतं, हे फारसं कोणी विचारत नाही.

मी प्राणिशास्त्राची निवृत्त शिक्षिका. माझे काही जुने विद्यार्थी गेली कित्येक वर्षं रात्री-अपरात्री मगरी आणि साप सोडवायला जातात. दिवसा त्यांतला एक विमा विकतो, एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे, एक वडिलांच्या केटरिंगमध्ये आहे. मध्यंतरी एम.एस्सी. झालेली एक मुलगी घरी आली आणि म्हणाली, ‘मॅडम, हेच काम नोकरी म्हणून करायचं तर परीक्षा कुठली द्यायची?’ मी काय सांगणार? वनरक्षकाची भरती निघते, वनक्षेत्रपालाची निघते. पण त्या माणसाच्या गळ्यात रोपवाटिका, अतिक्रमणं, लाकूडचोरी आणि कोर्टाच्या तारखा आधीच असतात. मगर मधूनच उपटते. चार पावसाळे काढून त्याचा हात बसला की बदलीचा हुकूम येतो, आणि नवा माणूस पहिल्यापासून शिकायला लागतो.

बडोद्याची गोष्ट जगावेगळी आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. पावागढच्या डोंगरातून निघालेली विश्वामित्री भर शहरातून, सयाजीबागेला वळसा घालून जाते, आणि तिच्यात मगरी राहतात. 2025 च्या फेब्रुवारीतल्या गणतीत शहरातल्या पट्ट्यात चारशेच्या वर भरल्या. हिवाळ्यात पुलावरून जाता-येता काठावर ऊन खात, जबडा वासून पडलेल्या दिसतात. एरवी त्या आपल्या वाटेला जात नाहीत. 2024 च्या ऑगस्टात काळा घोडा पुलापाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं तेव्हा मात्र नदी सोसायट्यांत आली, आणि मगरी तिच्याबरोबर आल्या.

त्या आठवड्यात मी जे पाहिलं ते सांगते. पाणी ओसरलेलं, पार्किंगमध्ये घोटाभर चिखल, आणि आडव्या पडलेल्या दोन अ‍ॅक्टिव्हांच्या मागे साताठ फुटांची मगर. मुलांनी काम चोख केलं. आधी ओलं गोणपाट डोळ्यांवर टाकलं. दिसेनासं झालं की मगर बरीच शांत होते. मग लांबूनच दोरीचा फास जबड्यावर सरकवला आणि पट्टी गुंडाळली. मगरीचा जबडा मिटताना हाड मोडेल एवढा जोर लावतो, पण उघडणारे स्नायू इतके दुबळे की साधी चिकटपट्टीही पुरते. खरी भीती शेपटीची. तिच्यावर एक जण आडवा पडला आणि पाच मिनिटांत काम झालं. पण त्याआधी पाऊण तास गेला तो कशात? गर्दी कोणी हटवायची यात. गेटवर पोलीस उभे होते, अग्निशमनचे लोक होते, वनखात्याचा एक रोजंदार होता, आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक काका मगरीला बिस्किटं टाकत होते. पिंजरा कुठून आणायचा, जखम असेल तर पशुवैद्याला बोलवायचं की इथूनच हलवायचं, नेऊन सोडायची कुठे, हे ठरवण्याचा अधिकार त्या जागेवर उभ्या असलेल्या एकाही माणसाकडे नव्हता. शेवटी हुकूम दिला तो केटरिंगवाल्या मुलाने, कारण त्याचा आवाज मोठा होता.

मला जे पद हवं आहे ते नेमकं त्या जागेवर उभं राहणाऱ्या माणसाचं. फास टाकणारे आपल्याकडे आहेत, आणि उत्तम आहेत.

अमेरिकेत हे काम रीतसर सरकारी नोकरी म्हणून चालतं. 1931 मध्ये तिथल्या संसदेने वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा कायदा केला. आज ते काम कृषी खात्याच्या ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ या शाखेकडे आहे. गावपातळीवर तंत्रज्ञ, त्यांच्यावर वन्यजीव-जीवशास्त्रज्ञ, त्यांच्यावर जिल्हा पर्यवेक्षक, आणि वर राज्याचा संचालक. भरतीच्या जाहिराती मी मुद्दाम वाचल्या. पर्यवेक्षकाकडून काय मागतात? वन्यजीव, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे ठरावीक विषय घेऊन पदवी, आणि त्यावर बराच अनुभव. काम म्हणजे हाताखालच्यांचं प्रशिक्षण आणि सुरक्षितता, विमानतळ, नगरपालिका, शेतकरी संघटना यांच्याशी करार, अंदाजपत्रक, आणि प्रत्येक तक्रारीची नोंद. तक्रार आली की आधी प्रश्न तपासायचा, उपाय तोलायचे, एक निवडायचा, आणि नंतर परत जाऊन तो लागू पडला का ते बघायचं. 2009 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून उडालेलं विमान हंसांच्या थव्यात सापडलं, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते हडसन नदीत उतरवावं लागलं. विमानतळांवर या लोकांचं महत्त्व काय, ते त्या दिवशी सगळ्या जगाला दिसलं.

त्या शाखेवर टीकाही सडकून होते, आणि ती रास्त आहे. दर वर्षी तिथे लाखो प्राणी-पक्षी मारले जातात. ते इथे आणा असं मी मुळीच म्हणत नाही, आणि आपला कायदाही ते करू देणार नाही. मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या व्याख्येत पकडणंसुद्धा शिकारच, त्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय तिला हातही लावता येत नाही. मला घ्यायची आहे ती तिथली पदांची शिडी. तंत्रज्ञ म्हणून लागलेला माणूस वीस वर्षं त्याच विषयात राहून पर्यवेक्षक होतो.

कारण या कामातला सगळ्यात अवघड निर्णय पकडायचं नाही, हा असतो. काठावर पहुडलेली मगर दिसली की सोसायटीचे सेक्रेटरी फोन करतात, त्यांच्यामागून नगरसेवक करतात, आणि दबावाखाली ती उचलून दुसरीकडे नेली जाते. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी येते. हलवलेली कधी परत येते, तर कधी नव्या ठिकाणच्या मगरींशी भांडून जखमी होते. नगरसेवकाला ‘ही मगर इथेच राहील, तुम्ही तिथे कचरा आणि कोंबडीचे तुकडे टाकणं थांबवा’ असं सांगायला खुर्चीचं बळ लागतं. रोजंदारावर असलेला माणूस ते सांगूच शकत नाही. बरं, चरोतरात, म्हणजे आणंद-खेड्याच्या पट्ट्यात, मलातजसारख्या गावांत लोक तळ्यातल्या मगरींशेजारी पिढ्यान् पिढ्या राहत आलेत, खोडियार मातेचं वाहन म्हणून तिला हात जोडतात. तिथला माणूस कसा वागतो आणि फ्लॅटमधला कसा, हा फरकही पर्यवेक्षकाला कळायला हवा. तो एका बदलीच्या मुदतीत कळत नाही.

दुसरं उदाहरण नदीच्या कामाचं. 2025 च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र खोल-रुंद करण्याचं काम निघालं. पुराचे हाल पाहिल्यावर त्याला नाही कोण म्हणेल? पण मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणजे पोकलेनचा हंगाम आणि घरट्यांचा हंगाम एकच. कुठल्या पट्ट्यात यंत्र आधी लावायचं आणि कुठल्या पट्ट्यात थांबायचं, हे वर्षभर काठ तुडवणारा माणूसच सांगू शकतो. दर प्रकल्पाला बाहेरून तज्ज्ञ बोलवायचे, अहवाल घ्यायचा आणि नंतर सगळं विसरायचं, असं किती दिवस चालणार?

नदीपुरतं हे पद ठेवू नये, असंही सुचवते. पादरा-डभोईकडे शेतकरी रोझ (नीलगाय) आणि रानडुकरांपायी रात्री जागतात, छोटा उदेपूरच्या बाजूला बिबट्या आहे, हरणीच्या विमानतळावर पक्षी आहेत. प्रत्येक ठिकाणची विद्या वेगळी, पण तक्रार ऐकणं, नोंद ठेवणं आणि ठाम निर्णय देणं सगळीकडे सारखंच.

कागद तयार नाहीत असंही नाही. मार्च 2023 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-वन्यजीव संघर्षावर 14 मार्गदर्शिका काढल्या. त्यांत मगरीची स्वतंत्र आहे, नीलगाय, रानडुक्कर आणि बिबट्याचीही आहे. देहरादूनची वन्यजीव संस्था प्रशिक्षण देते. आमच्या शहरात विद्यापीठ आहे, त्यात प्राणिशास्त्र विभाग आहे. एवढं असून ती मार्गदर्शिका हातात घेऊन बडोद्यात उभं राहायचं कोणी, याचं उत्तर आस्थापनेच्या तक्त्यात सापडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बडोदा वन विभागात एक पर्यवेक्षक आणि त्याच्या हाताखाली तीन-चार प्रशिक्षित तंत्रज्ञ, हे मंजूर पदांवर नेमा, कंत्राटावर नको. त्यांना किमान सात-आठ वर्षं बदली नसावी. पूर आला की महापालिका, पोलीस आणि अग्निशमन यांना पर्यवेक्षकाचा शब्द ऐकावा लागेल असा लेखी आदेश काढा. आज फुकट राबणाऱ्या मुलांना विमा द्या, आणि भरतीत त्यांच्या अनुभवाला गुण द्या. सगळा खर्च धरला तरी पुरानंतर एकदा रस्ते डागडुजी करायला लागतात त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

पदनिर्मितीची फाइल वित्त खात्यात अडकते, हे मला ठाऊक आहे. माझं निम्मं आयुष्य अनुदानित कॉलेजात गेलं. म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी निदान प्रभारी म्हणून एक नेमणूक व्हावी. आणि जाहिरात निघेल तेव्हा पात्रतेत ‘पोहता येणे आवश्यक’ हे घालायला कृपया विसरू नका. रोजंदारांच्या भरतीत ते कोणी विचारलेलं नव्हतं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बडोदा