फिटिंगला जाण्याआधी वाच

कर्दे, ता. दापोली

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

गणपती झाल्यावर मुंबईत गोल्फचं क्लब फिटिंग, म्हणजे खेळायच्या क्लबांचं आपल्या अंगाप्रमाणे माप, करून घ्यायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जुन्या क्लबांवर खेळलीस, आता स्वतःच्या मापाचे हवेतच. पण फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "तोवर जरा स्विंग सुधारून घेते, तिथे शोभा नको." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर सांगितलेलं तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून लिहितोय. कागद जवळ राहील.

स्विंग सुधारून जाऊ नकोस गो. आहे तोच घेऊन जा.

तुला माहीत आहे, मी मुंबईत क्लब दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवली. ग्रिप, म्हणजे मुठी, बदलायच्या, शाफ्ट, म्हणजे दांडे, बसवायचे, आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) वाकवून लाय अँगल, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, जुळवायचा. माझ्या टेबलावर नवेकोरे महागडे सेट यायचे, घेऊन वर्षही झालेलं नसायचं आणि मालकाला ते नकोसे झालेले असायचे. कोणी म्हणायचं शाफ्ट पहारीसारखा लागतो, कोणी म्हणायचं बॉल उजवीकडून हलतच नाही. मी विचारायचो, फिटिंग केलं होतं का? बहुतेकांचं झालेलं असायचं, कागदही असायचा. मग मी रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, जाऊन त्यांना खेळताना बघायचो. कागदावर ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब क्लबचा, वेग ताशी शंभर मैलांच्या घरात आणि माझ्यासमोरचा माणूस नव्वदीलाही पोचत नाही! कागद खोटा नव्हता आणि मशीनही बिघडलेलं नव्हतं. त्या दिवशी त्या खोलीत तो माणूस तसाच खेळला होता, सगळं बळ एकवटून. त्यानंतर तसा कधीच खेळला नाही.

फिटर काय करतो ते नीट समजून घे, म्हणजे भीती जाईल. तुझ्या मागे किंवा बाजूला एक यंत्र असेल, रडारवर चालणारं नाहीतर कॅमेऱ्यावर चालणारं. क्लबहेडचा वेग, बॉलचा वेग, बॉल किती कोनात उठला, किती फिरकी घेऊन गेला, क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, कुठल्या दिशेला होता, हे सगळं ते टिपतं. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. त्या क्षणाची ही मोजणी. त्यावरून शाफ्ट किती वजनाचा, किती लवचीक, लॉफ्ट, म्हणजे चेहऱ्याचा मागे कललेला कोन, किती, लांबी किती हे ठरतं. शाफ्टवर मऊपासून कडकपर्यंत एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, पण त्यांना सगळ्या कंपन्यांचं एकच प्रमाण नाही. एकीचा आर दुसरीच्या एससारखा लागू शकतो. म्हणून अक्षरावर जाऊ नकोस, आणि "मला आर दिला" म्हणून कमीपणाही मानू नकोस.

आता विचार कर. तू खोलीत जाऊन दात-ओठ खाऊन मारलंस आणि वेग पाच-सहा मैलांनी वाढला, तर फिटर इमानदारीने त्या वेगाचा शाफ्ट देणार. जास्त कडक, बहुधा जास्त जड. आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात खारघरच्या गोल्फ कोर्सवर चौदाव्या होलला, पाय भरून आलेले असताना, तो शाफ्ट तुझ्या हातात असेल. बॉल खाली राहील, उजवीकडे जाईल, हाताला झणझण होईल. तू समजशील आपला स्विंग बिघडला, आणि तो क्लबसाठी बदलायला लागशील. उलटा कारभार मी फार पाहिलाय. माणसं क्लबच्या मापाची होत जातात.

अंग आखडलं की फक्त वेगच खोटा येत नाही. खांदे पुरते वळत नाहीत, बॅकस्विंग आखूड होतो, वरून खाली येताना घाई होते. त्या वळणावर शाफ्टवर किती ताण येतो हेच तर फिटर बघत असतो. हात आक्रसले की बॉल चेहऱ्याच्या टोकाकडे लागतो. जोर काढायला तू कंबर पुढे घालून उठलीस की हँडल वर येतं आणि क्लबचा टो, म्हणजे हेच टोक, खाली जातो. फिटर म्हणेल, हिला लाय अपराइट, म्हणजे जास्त उभा, हवा. तसा वाकवून दिला की शांतपणे मारलेला बॉल डावीकडे जायला लागेल. एका ताठ तासाभराने सगळा सेट वाकडा होऊ शकतो.

तर सैल कसं राहायचं? "रिलॅक्स" असं स्वतःला सांगून कोणी सैल होत नाही, मला तरी तसा माणूस भेटलेला नाही. शरीराला काहीतरी करायला द्यावं लागतं.

पहिलं हातापासून. आपल्या बागेत आंबे काढताना झेला कसा धरायचा हे तुला शिकवावं लागलं नाही. काठी घट्ट आवळली की वरचं टोक थरथरतं आणि देठ सापडत नाही, मूठ सैल ठेवली की झेला आपोआप फळाखाली जातो. क्लब तसाच धर. दहापैकी चार इतकाच जोर. क्लब सुटणार नाही इतपत पुरे. बॉलपाशी उभं राहिलीस की क्लबहेड एकदा-दोनदा हलव, त्याचं वजन बोटांना जाणवू दे. ते जाणवत नसेल तर मूठ आवळलेली आहे. मग श्वास सोड, आणि सोडल्यावर लगेच स्विंग सुरू कर. श्वास धरून उभी राहिलीस की खांदे कानाला लागतात, हे मी लांबूनही ओळखतो.

गणपतीत येशील तेव्हा ओहोटीला आपण कर्द्याच्या किनाऱ्यावर जाऊ. पाणी मागे गेल्यावर जो ओला, कडक पट्टा उघडा पडतो तिथे. बॉल नाही, फक्त सात नंबरचं आयर्न, आणि अनवाणी. दहा-बारा स्विंग सावकाश कर आणि मग खाली बघ. वाळू खोटं बोलत नाही. शेवटी उजवी टाच उचलून चवड्यावर फिरलीस तर तसा स्वच्छ वळसा दिसेल, डाव्या पायाचा ठसा जागच्या जागी राहील. जास्त ताकद लावलीस तर डावा पाय घसरून ठसा फराटलेला असेल. जितक्या जोरात ठसे फराटत नाहीत, तितकाच जोर तुझा. तोच फिटिंगला घेऊन जायचा. मला वाटतं, मुंबईतल्या कुठल्याही मशीनआधी हे माप घेऊन ठेवावं. फक्त जाळी सुकत घातलेल्या बाजूला जाऊ नकोस, कोळी मंडळींना त्रास नको.

मग परतल्यावर लगेच फिटिंग ठेवू नकोस, हे मात्र ऐक. गणपतीनंतरची गर्दी तुला ठाऊक आहे. खेडला कोकणकन्येत चढायला मिळालं तरी बसायला मिळेल याची खात्री नाही, आणि एसटीने गेलीस तर घाटातच कंबर धरते. मध्ये चार दिवस जाऊ दे. एकदा खारघरला नेहमीसारखा राउंड खेळ, काही नवीन न करता. त्या आठवड्यात व्हिडिओ बघून क्लब धरायची पद्धत बदलायची नाही, कोचकडे नवा धडा घ्यायचा नाही.

त्या दिवशी अर्धा तास आधी जा. तिथल्या एसीत पोचल्या पोचल्या मारायला लागू नकोस. आधी वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब, मग मधलं आयर्न, आणि तेही निम्म्या ताकदीने. घाम आला की मगच सांग, तयार आहे. आपला जुना सेट बरोबर ने, नेहमीचे गोल्फचे बूट आणि ग्लव्ह ने. सोलची उंची बदलली तरी लांबी आणि लाय दोन्हीत फरक पडतो. रेंजचे बॉल असतील तर तू खेळतेस त्या जातीचा बॉल मिळेल का विचार. रेंजच्या बॉलची फिरकी आणि अंतर निराळं असतं.

सुरुवातीलाच फिटरला खरं सांग. आठवड्यातून किती खेळतेस, पाठ कधी धरते, आणि मुख्य म्हणजे तुझा बॉल चुकतो तेव्हा कुठे जातो. तुझा उजवीकडे, उंच आणि आखूड जातो. ही माहिती सोन्यासारखी आहे. लाजू नकोस. तो परीक्षक नाही गो, त्याला तुझ्यात गुण पाहायचे नाहीत. डॉक्टरला बरी दाखवायला कोणी खोकला दाबून जात नाही. एखादा बॉल फारच विचित्र लागला तर "हा धरू नका" म्हण, पण प्रत्येक चुकलेला बॉल पुसून टाकायला लावू नकोस. दहातले चार जर तसेच जात असतील, तर तेच तुझं खेळणं आहे आणि क्लब त्या चारांसाठीच बघायचा आहे.

यंत्राच्या पडद्याचं काय करायचं? सरळ सांग, आकडे मला शेवटी दाखवा. हा सल्ला मी सगळ्यांना द्यायचो आणि कोणी ऐकायचं नाही, तू ऐक. पडद्यावर यार्ड दिसले की पुढचा बॉल पाच यार्ड लांब जावा म्हणून हात आपोआप धावतो. त्यापेक्षा प्रत्येक बॉलआधी मागे जाऊन उभी राहा, जाळीत एक खूण धर, नेहमीचा एक सराव स्विंग घे, मग पुढे ये. कोर्सवर करतेस ते सगळं. बॉलवर बॉल मारत सुटलीस की चार-पाच बॉलांत ताल जातो.

शेजारच्या बेमध्ये, म्हणजे मारायच्या कप्प्यात, कोणीतरी मोठा ड्राइव्ह मारत असेलच. तेव्हा आपल्या गोल्फर अदिती अशोकची आठवण ठेव. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने गेलं. तिच्याबरोबर खेळणाऱ्या कितीतरी जणी तिच्यापेक्षा खूप लांब मारत होत्या. ती त्यांच्या मागे लागली नाही, आपल्या अंतराने आणि आपल्या पटिंगने, म्हणजे होलात बॉल ढकलण्याच्या कौशल्याने, शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली. तिची आई तिची कॅडी होती. आम्ही दोघं रात्री जागून बसलो नव्हतो, पहाटे उठून टीव्ही लावला होता, तुझी आई तर चुलीवरचं दूध विसरली. बॅग त्या माउलीने उचललेली बघून तुझी आई जी गप्प झाली, ते मी अजून विसरलो नाही.

नवा क्लब हातात दिला की पहिले दोन-तीन बॉल सोडून दे. हाताला ओळख व्हायला तेवढं लागतं. पण पंधरा-वीस बॉल एकाच क्लबने मारलेस तर तू नकळत त्याच्याशी जुळवून घेशील आणि वाईट क्लबही चांगला दिसायला लागेल. म्हणून मध्येच "माझा जुना द्या" म्हण आणि चार बॉल त्याने मार. दम लागला की बस. बाटलीत कोकम सरबत घेऊन जा, मीठ घालून. शेवटी शेवटी आकडे उतरायला लागले तर ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी करू असं सांगायला संकोच करू नकोस. पैसे तू देतेयस.

आता काही वर्कशॉपच्या गोष्टी, त्या मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रिप घाईत ठरवू नकोस. खाली टेपचा एक वेढा वाढवला की जाडी इंचाचा चौसष्टावा भाग वाढते, ऐकायला काहीच नाही, पण तळव्याला लगेच कळते. ग्रिप बारीक असली की आपण नकळत जास्त आवळतो. तुझे हात घामेजतात, आणि एसीत ते कळणार नाही, तेव्हा दोऱ्याची वीण असलेली ग्रिपही हातात घेऊन बघ. शाफ्ट अर्धा इंच कापायचं ठरलं तर विचार की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, किती उतरणार. साधारण तीन पॉइंट उतरतात, आणि एक पॉइंट भरून काढायला हेडमध्ये दोनेक ग्रॅम लागतात. ते न करता दिलेला क्लब पिसासारखा लागतो, मग आपण तो झटका देऊन मारतो. लाय बघताना बॉलवर मार्करने उभी रेघ काढून ती रेघ चेहऱ्याकडे ठेवून मारायला सांग. चेहऱ्यावर उमटलेली रेघ सरळ उभी असली की लाय बरोबर. ही जुनी रीत आहे, पण माझा तिच्यावर फार विश्वास आहे, कारण ती तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

आणि पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात, नियमच आहे. त्यांनी सांगितलं म्हणून चौदाही घ्यायला पाहिजेत असं नाही. तुला पाच नंबरचं आयर्न कधी आवडलं नाही, तिथे हायब्रिड, म्हणजे जाड डोक्याचा, मारायला सोपा क्लब, बघ. सगळ्यात लांब गेलेला क्लब नको, ज्याचे दहा बॉल जवळ जवळ पडले तो हवा.

त्याच दिवशी ऑर्डर देऊ नकोस. कागद घेऊन घरी ये, फोटो काढून मला पाठव. लाय आणि स्विंगवेटचा रकाना मी पाहतो आणि रात्री फोन करतो. गणपतीत येताना जुनं सात नंबरचं आयर्न, त्याची ग्रिप फार झिजलीय, तसंच घेऊन ये, इथे माझ्याकडे टेप आणि सॉल्व्हंट आहे, ग्रिप बदलून देतो.

आई विचारते, घरचे नारळ मोदकांनाच ठेवू की तू कोणाला द्यायला नेणारेस? कळव.

तुझे,
बाबा