तुझा मफलर आणि राहिलेले गोंडे

सोनू,

पार्सल उघडलंस की आधी हे वाच, मग मफलर गळ्यात घाल. हो, तोच, त्या जादूच्या शाळेच्या पुस्तकातला लाल-सोनेरी पट्ट्यांचा, तू पाचवीत असताना मागितलेला. तेव्हा मी शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून तयार तपकिरी मफलर आणला होता, तू काहीच बोलली नाहीस, गपचूप दोन हिवाळे घातलास, आणि ते तुझं न बोलणं माझ्या मनात इतकी वर्षं राहिलंय गं.

यंदा दिवाळीनंतर एकदम गारठा पडला, निफाडला मामा पहाटे चारला उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतोय, नाहीतर मण्यांना तडे जातात, आणि मला सारखं वाटत होतं की तू तिकडे दिल्लीत त्या धुक्यात सकाळी सातच्या मेट्रोला कशी जात असशील. मग लोकर आणलीच. सोनेरी म्हणून दुकानदार चमकीची दाखवत होता, पण ती मानेला टोचते, म्हणून हळदीसारखा पिवळा घेतला, आणि लाल जरा मरूनकडे झुकणारा. आजीची क्रोशाची सुई काढली होती पण ती बारीक, दोऱ्याच्या रुमालांची, लोकरीला चालत नाही, मग साडेचार एमएमची नवी घेतली.

सुरुवातीला 34 साखळ्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे उंच उभा टाका, आणि सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक धरून असे ओळीत 32 खांब होतात. 12 ओळींचा एक पट्टा, असे 13 पट्टे, लालने सुरू आणि लालनेच शेवट. चौथ्या पट्ट्याला बघते तर मफलर निमुळता होत चाललेला, मोजले तर 28 खांब! ओळीच्या शेवटी त्या वळायच्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घालायचा असतो तो मी मधेमधे विसरत होते. पावणेदोन पट्टे उसवले. बाबा म्हणाले राहू दे, कुणाला कळतंय, पण मला तुझ्यासाठी अर्धवट काही द्यायचंच नव्हतं, एकदा दिलं होतं ना तसं. नंतर प्रत्येक ओळ मोजली. एकूण 4992 खांब आहेत, बाबांनी गुणाकार करून सांगितलं.

रंग बदलतो ती जागा नीट बघ, मला ती फार आवडते. जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचे दोन फास सुईवर असतानाच नवा रंग ओढून घ्यायचा, मग सीमा सरळ येते, नाहीतर नव्या ओळीच्या कडेला जुन्या रंगाचा ठिपका राहतो. टोकं सगळी मोठ्या नेढ्याच्या सुईने आत ओवलीत, तरी एखादं वर आलं तर कापू नकोस, परत आत सरकव. आणि इस्त्री नको हं, अॅक्रिलिक आहे, चपटं पडेल.

आता मुख्य गोष्ट. एका टोकाला मी 16 गोंडे लावलेत, दुसरं टोक तुझ्यासाठी मुद्दाम तसंच ठेवलंय. छोट्या पिशवीत 64 धागे आहेत, वहीला गुंडाळून कापलेले, 30-30 सेंटीमीटरचे, निम्मे लाल निम्मे पिवळे, सोबत क्रोशाची सुईपण. दोन लाल दोन पिवळे असे चार धागे घे, मधोमध दुमड, एक खांब सोडून एक अशा जागी सुई मागून घाल, दुमडलेला फास बाहेर ओढ आणि त्यातून टोकं काढून आवळ. फार घट्ट नको, कड सुरकुतते. लहानपणी माझ्या मांडीवर बसून तू आजीच्या तोरणाचे गोंडे असेच ओढायचीस, तेव्हा हात आपोआप चालतील बघ. रविवारी निवांत कर, मैत्रिणीला बसव हवं तर.

झालं की कात्रीने एकसारखे काप आणि गळ्यात घालून फोटो पाठव, दोन्ही टोकं दिसतील असा.

आई