देवरहाटीतली तोड ही चोरीच

महोदय,

मूर्तीची विटंबना झाली की संताप उसळतो, आणि तो रास्तच आहे. 'विटंबना' हा शब्द संस्कृत 'विडम्बन'वरून आला. मूळ अर्थ नक्कल, थट्टा. इंग्रजीतल्या 'सॅक्रिलेज'च्या मुळाशी मात्र लॅटिनमधला 'देवळातल्या वस्तूंची चोरी' हा अर्थ आहे. अपमानाचा भाव त्याला पुढे चिकटला. कोकणात आज नेमकी ही चोरी चालू आहे. कधी रस्ता रुंद करायचा म्हणून, कधी देवळापुढे सभामंडप हवा म्हणून देवरहाटीतले, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राईतले, जुने वृक्ष पाडले जातात, लाकूड विकले जाते. जिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायला लोक भीत, ती ही राई! दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दुर्मिळ दलदल टिकली, कारण गावाने ती देवाची म्हणून राखली. आज ती जैवविविधता वारसा स्थळ आहे. दगडी मूर्तीला धक्का लागला तर पोलिसांत तक्रार होते, देवाची झाडे गेली तर कोणी विचारत नाही, याचे फार वाईट वाटते. प्रशासनाने प्रत्येक देवरहाटीची हद्द मोजून झाडांची नोंद करावी आणि ग्रामसभेला विचारल्याखेरीज एकाही तोडीला परवानगी देऊ नये.

– एक वाचक, कुडाळ